तेविसावं नाव

टिलसनबर्ग, कॅनडा
२० नोव्हेंबर १९७३

प्रिय लीवके,

घाबरू नकोस. पत्र माझ्याच अक्षरात आहे, म्हणजे हात शाबूत आहेत. कंबर तेवढी गेली. तंबाखू वाळवायच्या भट्टीत वरच्या दांड्यावर चढलो होतो. साठी उलटलेल्या माणसाने तिथे चढायचं काही कारण नव्हतं. उतरायला शिडी होती, पण मी शिडीशिवाय आलो. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टरने आत लोखंड घातलं आणि सांगितलं, वसंतापर्यंत पलंग, मग कुबड्या, मग बघू. ते 'मग बघू' त्याने ज्या तोंडाने सांगितलं ते तोंड मला आवडलं नाही.

माझी बायको इर्मा असती तर तिने शिव्या घालून घालून मला महिन्याभरात उभं केलं असतं. आता शेजारची बाई सूप आणून ठेवते आणि हवा-पाण्याचं बोलते. हवा काय, बर्फ पडतोय. दुसरं काय पडणार.

तर तुझ्याकडे काम असं आहे. छताकडे बघून बघून जीव विटला. मला सायकलच्या शर्यतींचं एखादं मासिक किंवा साप्ताहिक लावायचंय. इथल्या दुकानात बर्फावरची हॉकी आणि ट्रॅक्टर सोडून कशाचं काही मिळत नाही. तुझ्या कॅफेत सगळी येतात. लोक त्यांच्यावर बिअर सांडतात, म्हणजे वाचतही असतील. कोणतं घेऊ ते तू सांग. एकच घेणार आहे आणि वर्षभराचं घेणार आहे, तेव्हा उगाच काहीतरी ठोकून देऊ नकोस.

अट एकच. त्यात आपल्या वानेसचं नाव यायला हवं. पोरगा येत्या मोसमात हौशींच्या गटात उतरणार ना? मी दिलेल्या सायकलवर तो कसा बसतो ते मला दिसत नाही. निदान छापलेलं तरी बघू दे. मला मूलबाळ नाही, इर्माही नाही. आता बघण्यासारखं तेवढंच आहे.

त्याला म्हणावं, मामा पडला पण तू पडू नकोस.

तुझा,
आशील

•

(हे पत्र लिहिलं गेलं, टाकलं गेलं नाही.)

मूरहूक
३० नोव्हेंबर १९७३

प्रिय दादा,

वानेस गेला.

एवढं लिहून मी उठले, दोन गिऱ्हाइकांना बिअर दिली, परत बसले. नऊ तारखेला शुक्रवारी गेला. त्या आठवड्यात शेतातून बीटचे ट्रक सारखे चालले होते आणि कालव्याच्या वळणावर रस्ताभर चिखल सांडला होता. मी म्हटलं, आज घरातच जागच्या जागी, रोलरवर सायकल फिरव. तो म्हणाला, "आई, रोलरवर फिरवून कोणी कुठे पोचलंय का?" वळणावर चाक सरकलं आणि तो समोरून येणाऱ्या ट्रकखाली गेला. ड्रायव्हर बिचारा रस्त्याच्या कडेला बसून रडत होता. त्याची चूक नाही. सायकलला काही झालं नाही, हँडलची पट्टी थोडी फाटली. मला त्या सायकलकडे बघवत नाही.

मयतीला सगळं गाव आलं. चिटणीस रेमीने सायकल मंडळाच्या पोरांना जर्सी घालून खांदा द्यायला लावलं. नंतर कॉफी आणि पाव माझ्याच कॅफेत ठेवले, दुसरीकडे कुठे ठेवणार. मीच सगळ्यांना वाढत होते. हात रिकामे राहिले तर काय करायचं ते कळत नव्हतं.

तुला तार करायची असं रोज ठरवत होते. तेवढ्यात तुझं पत्र आलं. तू पलंगाला खिळलेला, इर्मा नाही, आणि तू लिहितोस की त्याचं नाव यायला हवं. दादा, नाव आलं. मागच्याच अंकात, शेवटच्या पानावर, काळ्या चौकटीत

•

मूरहूक
३ डिसेंबर १९७३

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या वयात दांड्यावर चढतात का? आई असती तर मोडलेल्या खुब्यावर आणखी एक रट्टा दिला असता. डॉक्टर सांगतो तेवढे दिवस मुकाट्याने पडून राहा. हाड नीट जुळू दे. बाकी सगळं मग.

मासिकांचं विचारलंस. कॅफेत तीन येतात. नावं मोठी मोठी आहेत, पण इथे कोणी ती घेत नाही. एकाला आम्ही 'पॅरिसवालं' म्हणतो, एकाला 'राखाडं', आणि एकाला 'चहावालं'.

पॅरिसवालं महिन्यातून एकदा येतं. कागद इतका गुळगुळीत की कपबशी ठेवली तर घसरते. डोंगरातले रंगीत फोटो. मोठमोठे गडी, मोठमोठ्या शर्यती. पलंगावर पडलेल्या माणसाला हेच बरं. मन रमतं.

राखाडं तुझ्या वेळेपासूनचं आहे, दर शनिवारचं. हाताला शाई लागते. आत बारीक अक्षरात कुठल्या गावच्या जत्रेत कोण कितवा आला त्याच्या रांगाच्या रांगा. तुझ्या डोळ्यांना ते झेपणार नाही आणि बोटीने पोचेपर्यंत शिळं होणार. घेऊ नकोस.

चहावालं लंडनहून येतं. कोणा पाहुण्याने लावून दिलं आणि बंदच होत नाही. त्यात शर्यती नसतातच. दोन माणसं सायकलवरून एका पडक्या चर्चपर्यंत जातात, थर्मासमधला चहा पितात आणि परत येतात. त्यावर दोन पानं लिहितात. नाव ना गाव. रेमी म्हणतो, हे वाचून त्याला दाढदुखीत झोप लागते.

माझं ऐक, पॅरिसवालं घे.

वानेस फारसा बोलत नाही. सायकल मागच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवली आहे.

तुझी,
लीव

•

टिलसनबर्ग
६ जानेवारी १९७४

प्रिय लीवके,

नवीन वर्ष सुखाचं जावो. तुझा सल्ला वाचला आणि राखाडं लावलं.

मला फ्रेंचचे वीस शब्द येतात आणि त्यातले एकोणीस चारचौघांत बोलता येत नाहीत. पॅरिसवालं घेऊन मी काय करू, फोटोतल्या डोंगरांना बघून कुढत बसू? आणि मोठ्या शर्यतींचं मला काय? मोठे गडी माझ्या ओळखीचे नाहीत. मला मूरहूकचं कोण, आरडोयचं कोण, कोणाच्या धाकट्याने कोणाच्या थोरल्याला चर्चसमोरच्या वळणावर गाठलं, हे हवं. तुझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात तुला एवढं कळू नये? की पोरगा पहिल्या पंचविसात येणार नाही अशी धास्ती आहे तुला? पंचवीसच नावं छापतात हे मी विसरलेलो नाही. मीही सव्विसावा येऊन येऊन कॅनडात आलो.

भिंग आणवलंय. अक्षर कितीही बारीक असू दे.

वानेसला सांग: मार्चपर्यंत लहान गिअर. फेब्रुवारीत कोणी जोर दाखवायला लागलं तर दाखवू दे, ते एप्रिलमध्ये रडतात. ससा आलुबुखार घालून करतेस तो रविवारी शर्यतीआधी देऊ नकोस, पोटात दगडासारखा बसतो. आणि मामाला चार ओळी लिहायला त्याला काय होतं?

तुझा,
आशील

•

मूरहूक
१७ फेब्रुवारी १९७४

प्रिय दादा,

तुझ्या सूचना वानेसला वाचून दाखवल्या, सगळ्या, सशासकट.

पत्र त्याच्याकडून येणार नाही, त्याची वाट बघू नकोस. थंडी बरीच आहे. कॅफेत गर्दी नसते. पाय जमिनीला टेकतो का आता? खरंखरं कळव. पाय धड झाला की मला बरंच बोलायचंय.

लीव

•

टिलसनबर्ग
२९ एप्रिल १९७४

प्रिय लीवके,

कुबड्यांवर आलो. डॉक्टर म्हणतो रोज थोडं चाला. मी त्याला विचारलं, कुठे? हे काही आपलं गाव नाही की चालत गेलो आणि कॅफे लागली. इथे चालत गेलं की तंबाखू लागते आणि नंतर आणखी तंबाखू. म्हणून मी एक सोय केली आहे. रस्त्यावरच्या पत्रपेटीपर्यंत जायचं. राखाडं मंगळवारी येतं. मंगळवारी मी जातो, मधे कुंपणाला टेकून दम खातो, आणि घेऊन येतो. बाकीच्या दिवशी मंगळवारची तयारी म्हणून जातो.

आणि मंगळवारी काय मिळतं? पहिल्या शर्यतीपासून सगळी नावं भिंगाखालून घातली. फेरहेल्स्टांचा थोरला दिसला, आरडोयच्या त्या खाटकाचा पोरगा दोनदा दिसला. कासियर वानेस कुठेच नाही. पंचविसावासुद्धा नाही. लीवके, एवढी चांगली सायकल दुधाच्या बरण्या वाहायला दिली नव्हती मी.

त्याला विचार, बाई म्हणून विचारू नकोस, आई म्हणून विचार. पोरीच्या नादाला लागलाय का? सिगारेट ओढतो का? की सकाळी उठायचा कंटाळा? असला आळशी पोरगा आपल्या घराण्यात निपजला कसा? त्याचा बाप कामील तुझ्या जिवावर बसून खायचा नाही, मी खाल्लं नाही. त्याला म्हणावं, मामा मोडक्या खुब्यावर पत्रपेटीपर्यंत जातो, तुला दोन धड पायांवर तेविसावं-चोविसावं येता येत नाही?

हे सगळं त्याला वाचून दाखव. शरम वाटू दे.

आशील

•

टिलसनबर्ग
२४ मे १९७४

लीवके,

या मंगळवारी गेलो नाही. काय करायचंय जाऊन. शेजारीण अंक आणून सुपाशेजारी ठेवून गेली. उघडला नाही.

मागच्या पत्रात जास्त बोललो असेन तर त्याला सांगू नकोस. सांगितलं असशील तर म्हातारा चिडका आहे म्हण. डॉक्टर म्हणतो पाय आखडत चाललाय. आखडू दे.

आशील

•

मूरहूक
५ जून १९७४

प्रिय दादा,

सोमवारी आपल्या गावची शर्यत झाली. राखाड्याचा आठ जूनचा अंक आला की तू स्वतः पेटीपर्यंत जाऊन आण. शेजारणीला आणू देऊ नकोस. त्यात मूरहूकचा निकाल शोध. तेविसावा नंबर बघ.

पाय आखडू देऊ नकोस.

लीव

•

टिलसनबर्ग
२ जुलै १९७४

प्रिय लीवके, लाडके लीवके,

बघितला. आधी भिंगाने बघितला, मग भिंगाशिवाय. २३. कासियर वानेस, मूरहूक. पेटीपाशीच उभं राहून बघितला आणि घरी आल्यावर लक्षात आलं की एक कुबडी तिथेच कुंपणाला राहिली.

कात्रण इर्माच्या फोटोच्या चौकटीत, काचेच्या आत लावलं, तिच्या खांद्याजवळ. शनिवारी शेजाऱ्याने गाडीने आपल्या लोकांच्या क्लबात नेलं. सगळ्यांना दाखवलं. तिथला एक शहाणा म्हणाला, तेविसाव्याचं काय एवढं. मी म्हटलं, तू कधी तेविसावा आलास का? तो म्हणाला, मी सायकल चालवत नाही. मग गप बस, म्हटलं.

मी आळशी म्हणालो ते परत घेतो. त्याला सांग. तेविसावा म्हणजे शेवटपर्यंत टोळीत होता, चर्चसमोरच्या दगडी रस्त्यावर मागे सुटला नाही. पुढच्या वर्षी पहिल्या दहात येतो की नाही बघ.

आणि आता ऐक. भट्टी आणि खालचं शेत शेजाऱ्याला दिलं, आणि विमानाचं तिकीट काढलं. सप्टेंबरच्या जत्रेला येतोय. एवढ्या वर्षांनी. डॉक्टर म्हणतो, काठी घेऊन जा. तो आता दुसऱ्या तोंडाने बोलतो. मला स्टेशनवर न्यायला गाडी-बिडी पाठवू नकोस. वानेसला सायकल घेऊन पाठव. मी त्याच्या शेजारून चालत येईन आणि ती सायकल एकदा हातात धरीन.

तुझा,
आशील

•

मूरहूक
१४ जुलै १९७४

दादा,

बसून वाच. पेटीपाशी उभा असशील तर घरात जा, खुर्चीत बस आणि मग वाच.

वानेस नाही. गेल्या नोव्हेंबरच्या नऊ तारखेला गेला, कालव्याच्या वळणावर, बीटच्या चिखलात, ट्रकखाली. त्याच दिवशी गेला. फार वेळ लागला नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवलाय. तुझं पलंगावरचं पत्र आलं तेव्हा मयतीला दोन आठवडे झाले होते. तुला सगळं लिहिलं होतं, ते अजून ड्रॉवरमध्ये आहे, टाकवलं नाही. वाटलं, तू उभा राहिलास की सांगेन. मग तू उभा राहिलास तो त्याच्या नावासाठी. मग कसं सांगू?

पॅरिसवालं घे म्हणून मी एवढं का म्हणत होते ते आता तुला कळलं असेल. त्यात त्याचं नाव आलंही नसतं आणि नाही आलं म्हणून तू विचारलंही नसतंस.

मी तुला काही खोटं सांगितलं नाही असं वाटून घ्यायची मला सवय झाली होती. तो बोलत नाही, हे खरं होतं. तुझ्या सूचना वाचून दाखवल्या, हेही खरं. कबरीपाशी उभी राहून वाचल्या. एप्रिलमधलं पत्रही वाचलं. तू म्हणाला होतास ना, सगळं वाचून दाखव. 'आळशी' पर्यंत वाचलं, पुढे नाही वाचवलं.

पण तेविसावं नाव खोटं आहे, आणि ते मी केलं.

तुला माहीत आहे, आपल्या शर्यतीचा निकाल कॅफेतच लिहितात. पंच बिलियर्डच्या टेबलापाशी उभा राहून पोरांच्या पाठीवरचे नंबर वाचतो, रेमी नावं लिहितो आणि संध्याकाळी कागद राखाड्याला जातो. रेमीचा हात आता थरथरतो, म्हणून दोन वर्षं मीच लिहिते आणि तो खाली सही करतो. तुझं मेमधलं पत्र माझ्या एप्रनच्या खिशात होतं. आखडू दे, असं तू लिहिलं होतंस. पंचाने तेविसाव्याचा नंबर वाचला आणि मी वानेसचं नाव लिहिलं. हात अडला नाही. खरं सांगू, लिहिताना बरं वाटलं. त्याच्या नावाचा 'क' मी नेहमी मोठा काढते, तसा काढला.

मला वाटलं, गावात तेविसावं नाव कोण वाचतंय. लोक पहिली पाच वाचतात आणि पान उलटतात. पण तेविसावा ज्या घरचा असतो ते घर वाचतं.

तो नॉर्बेर होता, फेरहेल्स्ट नॉर्बेर. सेलेस्ता, चक्कीवाल्यांची, तिचा मधला. ती सोमवारी सकाळी आली. कॅफे उघडलीही नव्हती. कोट न काढता बसली आणि अंक टेबलावर ठेवला.

म्हणाली, "लीव, मी दोन अंक आणले होते. एक घरात ठेवायला, एक माझ्या बापाला द्यायला."

मी टेबलांवरच्या खुर्च्या खाली उतरवत राहिले.

"तुझ्या पोरासाठी मी रडले आहे. पाव मी भाजून आणले होते, आठवतं? पण हे माझ्या पोराचं होतं."

मी म्हटलं, "सेलेस्ता, त्याची आणखी नावं येतील."

"कधी? ऑक्टोबरमध्ये त्याला सैन्यात नेतायत. तीन वर्षं सायकल दामटतोय, पहिल्यांदा पंचविसात आला. तुला माहीत आहे तो कसा चालवतो. त्याला एवढंच मिळायचं होतं."

मग मी तिला तुझं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "तुझ्या भावाला जगवायला तुला माझाच पोरगा सापडला." उठली आणि गेली. अंक तिथेच राहिला.

तिने बोभाटा केला नाही. रेमीकडे गेली आणि म्हणाली, दुरुस्ती छापा, बाकी मला काही नको. पण बोभाटा व्हायचा तो झालाच. मेलेल्याचं नाव निकालात म्हणजे काय थोडी गोष्ट आहे. सही रेमीची होती. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही, चष्मा पुसत बसला आणि मग चिटणीसपद सोडलं. मंडळ आता चर्चपलीकडच्या कॅफेत भरतं. जाताना पोरांनी वानेसचा फोटो नेऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. बिलियर्डवर मी कापड घालून ठेवलंय.

कालच्या राखाड्यात दुरुस्ती आली आहे. बोटीने तुझ्याकडे येईलच. त्याच्या आधी हे पत्र पोचावं एवढ्यासाठी विमानाने पाठवतेय. सोबत त्याचं स्मरणपत्रक आहे, मयतीला वाटलेलं. फोटो तुझ्या सायकलवरचाच आहे. हसतोय, कारण रेमी फोटो काढताना मागे सरकत सरकत बादलीत पडला होता.

तिकीट परत होतं का बघ. मला तोंड दाखवायची हिंमत नाही. तुझ्यासमोर तर नाहीच.

लीव

•

टिलसनबर्ग
१२ ऑगस्ट १९७४

लीवके,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर दिलं नाही, कारण मला ते खरं वाटलं नाही. म्हणजे अक्षर तुझं होतं, स्मरणपत्रकावर पोरगा होता, खाली तारीख होती. तरीही मी स्वतःला सांगत राहिलो, ही बाई काहीतरी करून मला येऊ देत नाहीये, पोराने कुठल्या तरी पोरीचं वाटोळं केलं असेल, तुरुंगात असेल, काहीही असेल. चौकटीत कात्रण होतं ना. तुझं हस्ताक्षर आणि राखाड्याची छपाई यांत मी छपाई धरली. आपण सगळे असेच आहोत. बाप सांगायचा, राखाड्यात नाही म्हणजे झालंच नाही.

मग मंगळवार आला. पेटीपर्यंत गेलो. आठव्या पानावर खाली दोन ओळी आहेत. मूरहूक, ३ जून, क्रमांक २३: वाचावे फेरहेल्स्ट नॉर्बेर. तेवढंच. वानेसचं नावसुद्धा नाही त्यात. भिंग लागलं नाही. मी तिथेच कुंपणापाशी खाली बसलो. शेजारणीने येऊन उठवलं, आणि पहिल्यांदाच ती हवेचं काही बोलली नाही.

रागावलो होतो. दोन दिवस तुझ्यावर रागावलो, मग सायकलवर, म्हणजे माझ्यावर. आता राग उरलेला नाही. तू माझी ती सगळी पत्रं जाळ. आळशी म्हटलेलं आधी जाळ. तू ते उघड्यावर उभी राहून वाचलंस हे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मी येतोय. तिकीट परत होत असेल-नसेल, मी विचारलं नाही. स्टेशनवर कोणालाही पाठवू नकोस. मला चालता येतं. तू मला चालवलंस आणि त्यासाठी काय केलंस ते मला माहीत आहे, तेव्हा निदान चालतो. चर्चच्या मागच्या बाजूने येईन, आधी त्याच्याकडे थांबेन, मग तुझ्याकडे. कॉफी करून ठेव.

जत्रेच्या शर्यतीत तो नॉर्बेर आहे का? सैन्यात जायच्या आधीची त्याची ती शेवटची असेल. आपण दोघं चर्चसमोरच्या वळणावर उभे राहू, आणि तो पहिला असो की शेवटचा, दर फेरीला त्याच्या नावाने ओरडू. तुला लाज वाटेल. मलाही वाटेल. सेलेस्ता बघेल. तरी ओरडायचं.

कात्रण चौकटीतून काढायला गेलो होतो. काच उघडली आणि परत लावली. स्मरणपत्रक त्याच्या शेजारी ठेवलंय. राहू दे.

एक काम आहे, तुझ्या हातचं. राखाडं डिसेंबरपर्यंत येईल. पुढच्या वर्षासाठी मी नवीन लावणार आहे, पत्ता तुझ्या कॅफेतल्या अंकावरून उतरवून ठेव. चहावालं. ती दोन माणसं पडक्या चर्चपर्यंत जातात आणि परत येतात, ते. इंग्लिश मला आता येतं. तूच लिहिलं होतंस, त्यात कोणाचंच नाव नसतं.

आशील